परसातली फळं आणि पाखरांचा वाटा: फाटकाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमचं घर आहे. जागा तीन गुंठे. निम्मी घरानं खाल्ली, उरलेल्या जागेत दोन पेरू, एक चिकू, दोन सीताफळं, पायरीचा एक आंबा, तुती, पपई आणि कढीपत्ता. झाडं रस्त्याच्या कडेला आहेत, त्यामुळे जाणारा-येणारा थांबतो, मान वर करतो आणि काहीतरी विचारतो. "वहिनी, पेरू सगळे पोपटांनीच खाल्ले की हो!" हे तर दर थंडीत ऐकायचंच. त्याच त्या प्रश्नांची तोंडी उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून एकदा लिहूनच काढली.

एक फळ हाताला लागत नाही, सगळं पाखरंच खातात. काय करावं?

फळ पिकायच्या आधी वाटा ठरवावा. पिकल्यावर नाही. बहुतेकांचं इथंच चुकतं. झाडावर पन्नास पेरू दिसले की मनात पन्नासच्या पन्नास आपले होतात, आणि मग पोपटानं पाच पाडले तरी चोरी झाल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे सरळ हिशेब आहे. हात किंवा आकडी पोचेल तिथपर्यंतचं आमचं, त्याच्या वरचं पाखरांचं. खालची फळं लहान असतानाच पिशवीत जातात, वरच्यांकडे आम्ही बघतही नाही. पाखरांनाही शेंडाच बरा वाटतो. तिथून चौफेर दिसतं आणि मांजर सहसा तिथवर चढत नाही.

ही युक्ती माझी नव्हे, आत्यांची. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो. त्यांचं बालपण शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या राखणीत गेलं. पहाटे माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, डबा बडवायचा. तरीसुद्धा बांधाकडच्या ओळीवर गोफण मारायची नाही, असं त्यांच्या वडलांचं सांगणं होतं. एका जागी पोट भरलं की थवा सगळं रान हिंडत नाही, हा त्यातला व्यवहार. मी पिशव्या आणि आकडीची शिस्त लावली, तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "खाऊ दे की. आपल्याला किती लागतंय!"

नेमकी कोणती पाखरं येतात? मला सगळी सारखीच दिसतात.

बुलबुल सगळ्यांत जास्त. दोन प्रकारचे आहेत. शेपटीखाली लाल असतो तो लालबुड्या, आणि डोक्यावर टोकदार तुरा नि गालावर लाल ठिपका असतो तो शिपाई बुलबुल. दोघंही जोडीनं येतात आणि खाताना एकमेकांशी अखंड बोलत असतात.

तांबट आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. उन्हाळ्यात दुपारी तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं टुक-टुक-टुक चाललेलं असतं ना, तो हा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळाला आणि गळ्याखाली लाल रंग, चोचीशी मिशा. पपईवर याला एकदा निवांत बघा. गेल्या चैत्रात स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवर एक पपई पिकली. पहिल्या दिवशी तांबटानं तिच्या बगलेला रुपयाएवढं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं आत गेलं. तिसऱ्या दिवशी पाठसुद्धा आत, बाहेर नुसती शेपूट. काळ्या बिया एकेक करून खालच्या कोथिंबिरीच्या कुंडीत पडत होत्या. आठवड्यानं झाडावर सालीचा कंदील तेवढा उरला, उन्हाचा कवडसा आला की आतून केशरी दिसायचा. मी तो उतरवला नाही.

कोकीळ लोकांना फक्त गाण्यापुरता माहीत असतो. पण पूर्ण वाढलेला कोकीळ मुख्यतः फळांवरच जगतो. काळा, लाल डोळ्यांचा असतो तो नर. ठिपक्याठिपक्यांची मादी बघून अनेकजण "हा कुठला नवीन पक्षी?" म्हणून फोटो पाठवतात. तिला कढीपत्त्याची काळी फळं फार आवडतात.

साळुंक्या खाली पडलेलं खातात आणि भांडतात. हळद्या थंडीत चार-दोन दिवस दिसतो, पिवळाधमक. चष्मेवाले तुतीवर थव्यानं येतात, अंगठ्याएवढा जीव, डोळ्याभोवती पांढरं कडं. फुलटोच्या त्याहून लहान, सिंगापूर चेरीचं झाड असेल तर हमखास. आणि पोपट. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न खाली आहे.

धनेश आणि कुटुर्गा आमच्या कॉलनीत मी पाहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी राधानगरी-दाजीपूरच्या रानात जा.

पोपट दोन चोची मारून पेरू टाकून देतात. एवढी नासाडी कशाला?

आपल्याला गर हवा असतो, पोपटाला बी. बुलबुल आणि कोकीळ गरासाठी येतात, बी पोटातून किंवा चोचीतून दुसरीकडे टाकतात, म्हणजे झाडाचंही काम होतं. पोपट बी फोडूनच खातो. म्हणून तो पिकायची वाट बघत नाही, कच्चा पेरूही तोडतो. एका पायात धरतो, फिरवतो, मधला भाग कुरतडतो आणि सोडून देतो. खाली पडलेला पेरू उचलून बघा, गर तसाच, मधला गाभा गेलेला.

हे कळल्यापासून माझा राग कमी झाला. गेला असं म्हणणार नाही. मार्गशीर्षात सकाळी सात वाजता पंधरा-वीस पोपट केकाटत उतरतात आणि अर्ध्या तासात अंगणात पेरूंचा सडा पडतो, तेव्हा मीही टाळ्या वाजवत बाहेर येते. टाळ्यांना ते भीत नाहीत.

चकचकीत सीडी, पट्ट्या, बुजगावणं यांचा उपयोग होतो का?

चार दिवस. पाचव्या दिवशी बुलबुल सीडीच्या दोरीवर बसलेला असतो.

पिशव्या कधी आणि कशा बांधायच्या?

पेरू लिंबाएवढा झाला की. त्याच्या आधी बांधली तर लहान फळ पिशवीच्या ओझ्यानं गळतं, उशीर केला तर फळमाशी आधीच अंडी घालून मोकळी झालेली असते. पाखरापेक्षा खरा शत्रू ही माशी आहे. पावसाळ्यातला पेरू कापल्यावर आत अळ्या वळवळतात, त्या हिच्याच. पिशवीनं दोन्ही कामं होतात, पाखरू चोच मारत नाही आणि माशीला फळ मिळत नाही.

बाजारात पेरूसाठी फोमची जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी मिळते. बागायतदार तेच वापरतात. घरच्या दोन झाडांसाठी मी वर्तमानपत्राच्या पिशव्या खळ लावून करते, रद्दी संपते आणि जीवही रमतो. आंब्याला कोंबडीच्या अंड्याएवढी कैरी झाली की बांधते. डाग पडत नाहीत, रंग एकसारखा येतो. बांधताना देठाला सुतळी गच्च आवळू नका आणि पिशवीच्या खालच्या कोपऱ्याला बारीक छिद्र ठेवा, नाहीतर वळवाच्या पावसाचं पाणी आत साठून फळ कुजतं. जुन्या सुती साडीचे तुकडे सीताफळाला उत्तम.

माशीसाठी जोडीला रक्षक सापळा टांगावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं तो तयार केला, कृषी सेवा केंद्रात मिळतो. आतल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला नर माश्या येतात आणि अडकतात. नर कमी झाले की पुढची पैदास घटते. पाखरांना त्याचा त्रास नाही.

आणि सड्यातले अळीवाले पेरू तसेच टाकू नका. अळी फळातून मातीत उतरते, कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. असे पेरू जाड पिशवीत भरून तोंड बांधून चार दिवस उन्हात ठेवायचे, मग खतात.

अख्ख्या झाडावर जाळी टाकली तर?

मी टाकली होती, सीताफळावर. दुकानदारानं दिली तीच, नायलॉनची, हिरवी, तीन बोटं जातील अशा भोकांची. खाली लोंबत होती, मला वाटलं असू दे. तिसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या खालच्या घोळात धामण अडकलेली. पुढं जायची धडपड केल्यानं दोरा खवल्यांखाली रुतला होता. शेजारच्या भाऊंनी ओळखीच्या सर्पमित्राला फोन केला. तो आला, तिचं डोकं कापडाखाली धरून नखं कापायच्या कात्रीनं एकेक दोरा तोडत बसला. पाऊण तास लागला. धामण वाचली, कुंपणाखालून ओढ्याकडे गेली. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "वहिनी, उंदीर खाणारी होती ती."

जाळी त्याच दिवशी कापून टाकली. तुम्हाला टाकायचीच असेल तर करंगळीही आत जाणार नाही इतकी बारीक विणीची घ्या, आधाराला चौकट करून ताणून बांधा, जमिनीवर लोंबू देऊ नका आणि सकाळ-संध्याकाळ बघा. सैल जाळी म्हणजे फासच. बुलबुलाचा पाय अडकला तर तो धडपडून थकून मरतो.

पोपटानं टोचलेला पेरू जास्त गोड असतो म्हणतात. खावा का?

लहानपणी आम्ही सगळ्यांनी खाल्लाय. पोपटानं टोचल्यामुळे तो गोड होत नाही, आपण उचलून खातो तो पिकायला आलेला असतो म्हणून तसं वाटतं. आता मात्र मी पोरांना देत नाही. चोच लागलेलं, दात लागलेलं, फुटलेलं फळ खायचं नाही, आणि चांगलं दिसणारंही वाहत्या पाण्यात चोळून धुवायचं. विष्ठेतून पोटाचे आजार होतात, आणि टोचलेलं कुणी हे खाली पडल्यावर कळत नाही. रात्री वटवाघूळही येतं.

वटवाघळांची भीती वाटते. झाडच तोडू का?

चिकू असला की वटवाघळं येणारच. 2018 मध्ये केरळात वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या निपाह विषाणूची साथ आली तेव्हा आमच्या गल्लीतही दोघांनी चिकूची झाडं तोडायची भाषा केली होती. पुढं 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं घेतले, त्यात काहींमध्ये निपाहच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या, त्यामुळे काळजी घ्यायला हवी हे खरं. पण काळजी म्हणजे कुऱ्हाड नव्हे. उष्टं फळ खाऊ नका, हातमोजा घालून गोळा करा, वटवाघळाला हात लावू नका. झालं.

चिकू तर झाडावर पिकूच देऊ नये. नखानं साल हलकीशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर काढून घरात पिकवायचा. वटवाघळाला पिकल्याचा वास लागतो, तो वास आपल्या तांदळाच्या डब्यातच राहू द्यावा. सीताफळाचंही तसंच, डोळे उकलून मधल्या रेघा पांढुरक्या झाल्या की उतरवायचं. झाडावर पिकलं तर खार सोडत नाही.

झाडं नाहीत, पण फळं कापून ठेवली तर पाखरं येतील का?

येतील. पपईचा काप, पिकलेलं केळं, पेरूची फोड, कलिंगडाची साल थोडा गर ठेवून. थोडंच ठेवायचं, दोन-तीन तासांत संपेल एवढं, आणि उरलं तर उचलायचं. संध्याकाळपर्यंत राहिलं की मुंग्या, रात्री उंदीर. थाळी रोज घासा, सगळी पाखरं एकाच घाण थाळीत चोच घालतात आणि एकमेकांना आजार देतात.

फरसाण, पाव, खारवलेलं काही ठेवू नका. अवोकॅडो तर अजिबात नको, पाखरांना ते विषारी असतं. द्राक्षं फवारलेली असतात, नीट धुतल्याशिवाय नाहीत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर थाळीपेक्षा झाडावर सोडलेलं फळ बरं. थाळीची सवय लागते आणि आपण गावाला गेलो की पाखरं कट्ट्यावर येऊन बघून जातात. मला ते बघवत नाही.

पाणी कसं ठेवायचं?

कुंभाराकडचा मातीचा परळ घ्या, पसरट, दोन बोटं पाणी राहील असा. मध्ये एक खडबडीत दगड. खोल भांड्यात लहान पाखरू बुडतं, प्लॅस्टिक उन्हात तापतं. पाणी रोज ओतून नवीन भरायचं, आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डेंग्यूचे डास तयार होतात. सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला लागून नको, मांजर तिथंच दबा धरतं. फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत फळांपेक्षा पाण्यालाच जास्त गर्दी असते.

फवारणी केली तर चालते का?

पाखरांना वाटा द्यायचा ठरवला असेल तर फळ धरल्यावर रासायनिक फवारणी बंद. औषध फवारलेली अळी बुलबुल पिल्लाला भरवतो, हे विसरू नये. फळं खाणारी बरीचशी पाखरंसुद्धा पिल्लांना किडे देतात, तेच तुमचं कीड नियंत्रण. मावा किंवा पिठ्या ढेकूण फारच झाला तर मी निंबोळी अर्क मारते, पाच टक्क्यांचा, तोही संध्याकाळी.

मुद्दाम पाखरांसाठी म्हणून कोणती झाडं लावू?

कढीपत्ता वाढू द्या, सारखा छाटू नका, त्याला फळं येऊ देत. तोंडलीचा वेल कुंपणावर सोडा, पिकून लाल झालेलं तोंडलं म्हणजे बुलबुलाची मेजवानी. तुती काडीनं लागते आणि छाटली की फुटून फळते, तिच्यासारखी पाखरं जमवणारी दुसरी नाही. सिंगापूर चेरी परदेशी आहे, पण वर्षभर फळते आणि दोन वर्षांत सावली देते, जागा असेल तर एक असावी. घाणेरी मात्र नको. तिचीही फळं पाखरं खातात, म्हणूनच ती डोंगरच्या डोंगर व्यापत चाललीय.

वड, पिंपळ, उंबर घराशेजारी लावायची झाडं नव्हेत, मुळं पाया उचलतात. पण गल्लीच्या मोकळ्या जागेत उंबर आधीपासून असेल तर तो तोडायच्या अर्जावर सही करू नका. आपल्या राज्याचा पक्षी हरियाल अशाच झाडांच्या फळांवर जगतो.

आणि एक वाळकं खोड ठेवा. आमचा शेवगा वाऱ्यात मोडला, पुरुषभर उंचीचा बुंधा उरला. "सरपणाला काढू या" म्हणता म्हणता राहिला, आणि पुढच्या माघात तांबटानं त्यात गोल बीळ कोरलं.

शेजाऱ्यांच्या गाडीवर जांभळे डाग पडतात. भांडण होतंय.

तुतीच्या दिवसांत होतंच. आमच्याकडेही झालं. पांढरी गाडी, नवी, आणि वर चष्मेवाल्यांचा थवा. मी त्यांच्याकडची फांदी छाटली, दोन महिने गाडी पलीकडे लावायला आमच्या फाटकातली जागा दिली आणि पहिली वाटी तुती त्यांच्या घरी पोचवली. डाग ओला असताना पाण्यानं जातो, वाळल्यावर रंग खातो. धुणं मागच्या बाजूला वाळत घालावं, विशेषतः लेंगे.

भिंतीत पिंपळ उगवतो, तो पाखरांमुळेच ना?

हो. फळ खाऊन बी विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं आणि रुजतं. जुन्या पेठांतल्या चुन्याच्या भिंतींना हा रोगच आहे. पावसाळ्यात, चार पानांचं असतानाच मुळासकट उपटा, तेव्हा सहज निघतं. पुढच्या वर्षीवर ढकललं तर गवंडी बोलवावा लागतो. आमच्या कुंपणात असंच एक चंदन उगवलंय. कुणी लावलं म्हणून लोक विचारतात. बुलबुलानं.

घरट्यातून पिल्लू खाली पडलं तर?

उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. घरटं वळवात उडून गेलं असेल तर नारळाच्या काथ्याचं आळं छोट्या टोपलीत करून त्याच फांदीला बांधा आणि लांब व्हा. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते उडायला शिकतंय, त्याला घरात आणू नका, मांजर तेवढं आवरा. दूध पाजू नका.

सापडलेलं पोपटाचं पिल्लू पाळलं तर चालतं का?

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाला कळवा.

एवढं सगळं करून तुमच्या वाट्याला काय राहतं?

पेरू पिशवीतले बहुतेक सगळे. सीताफळं निम्मी, चिकू निम्म्याहून जास्त. पायरीची एक अढी होते, आमरसाच्या दोन जेवणांपुरती, बाकी कैऱ्या वळीवच पाडतो. पपईचा हिशेब वर दिलाच आहे. तुती मात्र महाबळेश्वरला गेल्यावर विकत घेऊन खातो.